जुन्या स्वेटरच्या बाहीचे बिनबोटांचे हातमोजे

परभणी-हिंगोलीकडं पौषात रात्री गव्हाला पाणी द्यायचं, तर बोटं मोकळी हवीत आणि पंजा-मनगट उबदार. कोपरं फाटलेला स्वेटर त्याला पुरतो. कफकडचा भाग सहसा शाबूत असतो.

कफच्या कडेपासून 22 सेंमी मोजून खूण करा. कफ बोटांकडे येतो, कापलेली कड मनगटाच्या वर. कात्री लावण्याआधी खुणेच्या अलीकडे, कफच्या बाजूला, मशीनवर झिगझॅग टिपेच्या दोन ओळी मारा. आधी कापलं की विणीची घरं सुटत जातात, मग ती आवरणं कठीण. टीप मारताना कापड ओढू नका, नाहीतर कड झालरीसारखी पसरते. मशीन नसेल तर हातानं उलटी टीप (प्रत्येक टाका थोडा मागं घेऊन पुढं काढायचा) घाला. दोरा मात्र ताणायचा नाही, नाहीतर हात आत जात नाही.

अंगठ्यासाठी भोक कापायची गरजच नाही. बाहीची शिवण कफच्या कडेपासून 5 सेंमी सोडून पुढं 4 सेंमी उसवा आणि दोन्ही टोकांना तीन-चार पक्के टाके घाला. हे टाके घालायचे राहिले की शिवण आठवड्यात वरपर्यंत उसवते.

कफ ढिला पडला असेल तर आतून बारीक इलास्टिक ओवा, पण पंज्यावर वळ उठेल इतकं घट्ट नको.

बाजारातले बरेच स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात. ठिणगी पडली तर हे सूत वितळून कातडीला चिकटतं, म्हणून शेकोटीपाशी मोजे काढून ठेवा. ओले झाले तरी लगेच काढा. कोरडी जादा जोडी खिशात असू द्या.