ख्रिस्ती कथा लिहायचीय? मग या चुका टाळा

गोष्ट लिहायचं स्वप्न मनात असलेले ख्रिस्ती वाचक खूप भेटतात, आणि त्यातले कितीतरी जण पहिल्या दोन-तीन चॅप्टरमध्येच अडकून बसतात, मग म्हणतात आपल्यात टॅलेंटच नाही. मला हे पटत नाही. बहुतेक वेळा घोळ असा असतो की गोष्ट सुचायच्या आधीच संदेश ठरलेला असतो. "मला क्षमेवर लिहायचंय" असं ठरवून बसलं की पात्रं फक्त क्षमेबद्दल बोलायला येतात आणि बोलून झालं की निघून जातात, त्यांना स्वतःचं काही हवंच नसतं.

इंग्रजी लेखक सी. एस. लुईस यांनी त्यांच्या नार्निया या मुलांच्या कथामालेबद्दल लिहून ठेवलंय की सुरुवात झाली ती चित्रांपासून, छत्री आणि पार्सलं घेऊन बर्फात चाललेला एक फॉन (अर्धा माणूस, अर्धा बकरा असा पुराणकथेतला प्राणी), घसरगाडीतली राणी, एक भव्य सिंह. फॉनचं चित्र तर ते १६ वर्षांचे असल्यापासून डोक्यात होतं. सुरुवातीला त्यात ख्रिस्ती असं काही नव्हतंच, ते नंतर आपोआप आत आलं. म्हणून अडकलात तर संदेश थोडा वेळ बाजूला ठेवा आणि माणूस शोधा. समजा वडिलांच्या अंत्यविधीलाही न आलेला भाऊ कित्येक वर्षांनी दारात उभा आहे, त्याला घर विकायला बहिणीची सही हवीय, आणि दार उघडायचं की नाही हे तिला ठरवायचंय. क्षमेचा प्रश्न आता आलाच की, तो शब्दही न उच्चारता.

सगळ्यात मोठी चूक मात्र शेवटात होते आणि यावर मी जरा जास्त बोलणार आहे. हिरो गुडघे टेकतो, प्रार्थना करतो, आणि पुढच्या पानावर दारू सुटलेली, नोकरी लागलेली, बायको परत आलेली! ज्या वाचकाने आजारी माणसासाठी रात्ररात्र प्रार्थना केली आणि तरी ते माणूस गेलं, त्याला हे वाचून काय वाटत असेल याचा विचार करा. बायबल स्वतः इतकं सोपं करून सांगत नाही. २ शमुवेल १२ मध्ये दावीदाला क्षमा मिळते पण तलवार त्याच्या घरातून जात नाही, पाप माफ झालं तरी परिणाम भोगावे लागलेच. आणि लूक १५ मधला उधळ्या पुत्राचा दाखला बघा, थोरला भाऊ रागावून बाहेर उभा, बाप येऊन त्याची समजूत घालतोय, आणि तिथेच गोष्ट थांबते. तो आत गेला का? येशूने सांगितलंच नाही, ऐकणाऱ्यांवर सोडलं. तुमच्या गोष्टीची शेवटची दोन पानं काढून वाचून बघा, बऱ्याचदा खरा शेवट तिथे आधीच झालेला असतो आणि पुढे नुसतं स्पष्टीकरण उरतं.

दुसरं म्हणजे देव न मानणारं पात्र मुद्दाम कच्चं ठेवू नका. रशियन कादंबरीकार डोस्टोव्हस्की पक्के श्रद्धावान, पण १८८० मध्ये पूर्ण झालेल्या 'द ब्रदर्स करामाझोव्ह'मध्ये लहान मुलांच्या दुःखाबद्दलचा सगळ्यात धारदार युक्तिवाद त्यांनी देवावर शंका घेणाऱ्या इव्हानच्या तोंडी दिला, आणि त्याचा श्रद्धावान भाऊ अल्योशा त्याला वादात हरवत नाही, तो जवळ येऊन त्याचं चुंबन घेतो. आपल्या नास्तिक पात्राचं म्हणणं खऱ्या नास्तिकाने वाचलं तर त्याला "हो, मी असंच बोललो असतो" वाटलं पाहिजे. तसं वाटणार नसेल तर तो सीन परत लिहा.

संवादात दर चौथ्या वाक्याला बायबलचं वचन आलं की पात्र बोलायचं थांबतं आणि प्रवचन सुरू होतं. एस्तेरच्या हिब्रू पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, तरी ते पवित्र शास्त्रात आहे ना!

आता वाचण्याबद्दल. काही जणांना कादंबरी वाचताना अपराधी वाटतं, तेवढा वेळ बायबलला द्यायला हवा होता असं, आणि काही जण प्रत्येक पानावर सिद्धांत तपासत बसतात. दोन्हीत गोष्टीची मजा जाते. आधी गोष्टीत रमा, पटलं नाही ते नंतर बोलता येतं. आणि ख्रिस्ती फिक्शन म्हणजे फक्त इंग्रजी असंही समजू नका, मराठीतली पहिली कादंबरी मानली जाणारी 'यमुनापर्यटन' १८५७ ची, आणि ती लिहिली ख्रिस्ती झालेल्या बाबा पदमनजींनी, विधवांच्या हालांबद्दल.

ड्राफ्ट झाला की तो फक्त आई आणि पाळकांना दाखवू नका, ते प्रेमाने छानच म्हणणार. गोष्टी वाचणाऱ्या कुणाला तरी द्या आणि "आवडलं का" हे विचारूच नका, कुठे कंटाळा आला आणि कुठे विश्वास बसला नाही तेवढंच विचारा.

पब्लिश करायच्या आधी परवानग्या बघा, कारण बायबलची बरीच आधुनिक भाषांतरं कॉपीराइटखाली असतात, किती वचनं परवानगीशिवाय घेता येतात हे प्रकाशकाने सहसा त्या बायबलच्या सुरुवातीच्या पानांवर दिलेलं असतं. आजकालच्या उपासनेच्या गाण्याची एखादी ओळ घ्यायची तरी आधी लेखी परवानगी मागा, जुन्या गीतांचंही तपासूनच घ्या. आणि कुणी "हे देवाचं काम आहे" म्हणत छपाईचे पैसे तुमच्याकडूनच मागत असेल तर लगेच हो म्हणू नका. करार घरी नेऊन पूर्ण वाचा, हक्क कुणाकडे राहतात, किती वर्षांसाठी, न विकलेल्या प्रतींचं काय, हे सगळं कागदावर असल्याशिवाय सही करू नका.