गावात जुलाब-उलटीची साथ आली की ग्रुपवर काय टाकायचं

ग्रामपंचायत असो नाहीतर सोसायटी, साथ आली की पहिला मेसेज हमखास एकच असतो, "नागरिकांनी घाबरून जाऊ नये, प्रशासन सज्ज आहे". आता हे वाचलं की माणूस आधी घाबरतो आणि करायचं काय ते कळत नाही ते वेगळंच. त्यापेक्षा असं काहीतरी टाका:

"कालपासून वरच्या आळीत जुलाब-उलटीचे पेशंट वाढलेत. प्यायचं पाणी खळखळ उकळून, गार करूनच प्या. जुलाब लागले की लगेच ओआरएस चालू करा. बाळ सुस्त पडलं, दूध-पाणी घेईना किंवा लघवी कमी झाली तर वाट न बघता दवाखान्यात न्या, गाडी नसेल तर 108. पाण्याचं सॅम्पल लॅबला गेलंय, रिपोर्ट अजून आलेला नाही. पुढचा मेसेज संध्याकाळी 6 ला."

बास एवढंच. आणि 6 ला रिपोर्ट नसला तरी "अजून आला नाही" एवढं तरी टाकायचंच, कारण तुम्ही गप्प बसलात की दहा मिनिटांत कोणीतरी "माझ्या मेव्हण्याच्या ओळखीचे डॉक्टर म्हणाले" करून लांबलचक फॉरवर्ड टाकणार आणि मग ते खोडत बसा.

अफवेचं जरा नीट बघा. 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड गाव भागात जीबीएसचे (जुलाबानंतर कधीकधी होणारा, हातपाय लुळे पाडणारा नसांचा आजार) पेशंट निघाले तेव्हा चिकनमुळे होतं असं पसरलं. नुसतं "अफवांवर विश्वास ठेवू नका" म्हणून तिथे भागत नाही, कारण त्यात अर्धं खरं होतं, काही पेशंटमध्ये सापडलेला कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जंतू कच्च्या चिकनमधूनही येऊ शकतो आणि घाण पाण्यातूनही. म्हणजे सांगायचं असं की चिकन खा, पण पूर्ण शिजवून, कच्चं धुतलेलं पाणी भाजीवर उडू देऊ नका, पाणी उकळा, आणि जीबीएस एकाचा दुसऱ्याला लागत नाही म्हणून शेजाऱ्याला वाळीत टाकू नका. खरं किती ते कबूल केलं की लोक बाकीचंही ऐकतात.

टीसीएल (पाणी शुद्ध करायची ब्लीचिंग पावडर) टाकल्यावर पाण्याला वास येतो, मग लोक तेच पाणी ओतून देऊन शेतातल्या विहिरीचं आणतात, हे दरवेळचं आहे. म्हणून वास येण्याआधीच सांगा की आज पावडर टाकलीय, वास येईल, अर्धा तास थांबून पाणी वापरा (साथ असेपर्यंत प्यायचं तरीही उकळूनच).

ओआरएसचंही तसंच, "ओआरएस द्या" म्हटलं की कोणीतरी मोठं पाकीट एका ग्लासात कालवतं. मोठ्या पाकिटाला एक लिटर पाणी लागतं, लहान पाकिटावर लिहिलंय तेवढं. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा बरं का. कालवलेलं 24 तासांत संपवा, उरलं तर फेका. याचा आशाताईंकडून एक मिनिटाचा व्हिडिओ करून घ्या, तांब्या-चमचा दिसला पाहिजे, पोस्टर कोणी वाचत नाही.

पेशंटचं नाव, घर, फोटो अजिबात टाकायचा नाही. 1897 च्या प्लेगात पुण्यात सोल्जर घरात घुसून तपासण्या करायला लागले तेव्हा लोक आजारी माणसं लपवायला लागले होते, तुमच्या ग्रुपवर नाव आलं की तेच होणार, फक्त सोल्जर नसतील.

ग्रुपवर नसलेले पण असतात, ऊसतोड टोळी, वीटभट्टीवाले, एकट्या राहणाऱ्या आज्ज्या. त्यांच्यासाठी दवंडी, देवळाचा-मशिदीचा भोंगा, आणि टोळीच्या मुकादमाला वेगळा फोन.

साथ आटोक्यात आली की तोही मेसेज टाका, रिपोर्ट चांगला आला, अमुक तारखेपासून नळाचं पाणी न उकळता चालेल, असं स्पष्ट. हे कोणी टाकत नाही आणि लोक पुढचे दोन महिने जारचं पाणी विकत घेत बसतात.