झाडीपट्टीच्या तलावांमधून सायकलने: मार्ग कसा आखावा

महाराष्ट्रात सायकलवरून चार दिवस भटकायचे म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर कोकणचा किनारा येतो, नाहीतर सह्याद्रीचे घाट. झाडीपट्टी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पूर्व विदर्भातल्या जंगलाळ भागातली भंडारा आणि गोंदिया ही नावे त्या यादीत क्वचितच असतात. ज्याला घाट चढून दम आजमावण्याची हौस नाही आणि कमी रहदारीच्या रस्त्याने पाण्याच्या कडेकडेने सावकाश जायचे आहे, त्याला मात्र राज्यात याहून सोयीचा मुलूख सापडणार नाही, असे माझे मत आहे. जमीन बरीचशी सपाट आहे, धानाच्या बांध्यांमधून गावरस्ते गेलेले आहेत आणि दोन तलावांमधले अंतर बहुधा तासाभराच्या आतले असते.

येथे मार्ग आखताना आधी तलाव ठरवावेत आणि रस्ते नंतर शोधावेत. गोंड राजवटीच्या काळात जंगल तोडून गावे वसवणाऱ्यांनी, विशेषतः कोहळी समाजाने, बांधलेले हे हजारो तलाव मालगुजारांच्या, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांच्या, ताब्यात होते. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले, तेव्हापासून त्यांना माजी मालगुजारी तलाव म्हणतात. सरकारी कागदांत आणि लोकांच्या तोंडी तेच ‘मामा तलाव’ झाले. त्यांची रचना समजून घेतली नाही तर सायकलस्वार दिवसभर तलावांच्या शेजारून जाऊनही पाणी न पाहता परततो. टेकडीवरून किंवा जंगलातून उतरणारे पाणी मातीच्या लांब पाळीने अडवलेले असते, आणि गाव, शेते व रस्ता बहुधा पाळीच्या खालच्या अंगाला असतात. त्यामुळे रस्त्यावरून दिसते ती फक्त झाडे वाढलेली एक उंच मातीची रेघ. अशी रेघ दिसली की सायकल खाली लावावी आणि पाऊलवाटेने वर चढावे. पाळीच्या एका टोकाला जादा पाणी वाहून जाण्यासाठी सलंग असतो, आणि शेताकडे पाणी सोडण्यासाठी पाळीत तुडुम बसवलेले असते. तुडुमातून निघालेल्या पाटाच्या कडेने गेलेली वाट पुष्कळदा थेट पुढच्या गावात नेऊन सोडते. पाऊस संपून फार दिवस झाले नसतील तर पाळीवर सायकल चालवू नये, हाती धरून न्यावी, कारण ओल्या मातीत पडलेल्या चाकोरीतूनच पुढच्या पावसाचे पाणी वाट काढते.

मोसम ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंतचा. ऑक्टोबरात तलाव तुडुंब असतात आणि धान पिवळे पडू लागलेले असते, पण ऊन अजून चटका देते आणि कच्च्या वाटा चिखलाच्या असतात. नोव्हेंबरात कापणी व चुरणी (मळणी) चालू असल्याने गावाजवळ निम्म्या रस्त्यावर धान पसरलेले आढळते. त्यावरून चाक नेऊ नये, उतरून कडेने जावे. पक्ष्यांसाठी डिसेंबर आणि जानेवारी उत्तम, कारण पट्टकादंब, तलवार बदक, चक्रवाक असे पाहुणे तेव्हा तलावांवर उतरलेले असतात. या काळात पहाटेचा गारठा चांगलाच असतो, तेव्हा हातमोजे आणि कानटोपी विसरू नये. दिवाळीनंतर गावोगावच्या मंडया, म्हणजे जत्रा, आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात; रात्रभर नाटक पाहायचे असेल तर दुसऱ्या दिवशी सायकल चालवण्याचा बेत ठेवू नये.

मुंबईहून विदर्भ एक्स्प्रेस आणि कोल्हापूर-पुण्याहून महाराष्ट्र एक्स्प्रेस थेट गोंदियापर्यंत येते. सायकल लगेज म्हणून नोंदवताना चाकातली थोडी हवा सोडावी, पेडल काढून सोबत ठेवावेत, डेरेलर (गिअर बदलणारा भाग) पुठ्ठ्याने झाकावा आणि नाव व मोबाईल क्रमांकाची चिठ्ठी फ्रेमला दोन ठिकाणी चिकटवावी. गोंदियाला पोहोचल्यावर पहिला दिवस तालुक्यातल्या परसवाडा, झिलमिली या तलावांच्या बाजूला काढावा. सारस क्रौंच महाराष्ट्रात प्रामुख्याने याच भागात उरला आहे. तो पावसाळ्यात धानाच्या बांध्यांतच घरटे करतो, आणि हिवाळ्यात जोडी पिलासह कापणी झालेल्या शेतात चरताना दिसू शकते. जवळ जाण्याचा मोह आवरावा. रस्त्यावरच थांबून दुर्बिणीने पाहिले तर सारस बराच वेळ जागचे हलत नाहीत.

गोंदियाहून दक्षिणेकडे गोरेगाव आणि कोहमारामार्गे नवेगावबांधला जाणारा रस्ता मुर्दोलीच्या जंगलातून जातो. तेथे वन्यप्राणी रस्ता ओलांडतात आणि वाहने भरधाव असतात. हा टप्पा गाळून गोंदिया ते बल्लारशा मार्गावरील गाडीने सौंदड किंवा देवलगावला उतरणे मला अधिक शहाणपणाचे वाटते. या मार्गावरच्या लहान स्थानकांवर सायकल नोंदवण्याची सोय असेलच असे नाही, म्हणून गोंदियालाच विचारून घ्यावे. सौंदडला उतरलात तर साकोली जवळ आहे आणि त्या तालुक्यातला शिवनीबांध पाहता येतो. मात्र मध्ये राष्ट्रीय महामार्ग ५३ चा तुकडा लागतो, तो सकाळी लवकर उरकावा.

मुक्कामाचे मुख्य ठिकाण नवेगावबांध. हा तलाव अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असे सांगितले जाते. सात बहिणी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकड्यांच्या कुशीत, टेकड्यांमधल्या खिंडी बांधांनी जोडून तो अडवलेला आहे, आणि एवढे पाणी एवढ्या थोड्या बांधकामात कसे मावले याचे कोडे पाळीवर उभे राहिल्यावरच सुटते. नवेगाव राष्ट्रीय उद्यान १९७५ चे असून २०१३ पासून हा परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पात आहे. आत सायकल नेता येत नाही, त्यामुळे सफारी करायची असल्यास तो अर्धा दिवस वेगळा धरावा.

नवेगावबांधहून एक दिवस इटियाडोहासाठी ठेवावा. अर्जुनी मोरगाव, तेथून गोठणगाव आणि गाढवी नदीवरचे इटियाडोह धरण, मग प्रतापगडकडे वळून परत, असा हा फेरा आहे. गोठणगाव-प्रतापगड परिसरात १९७२ साली वसलेली नॉरग्येलिंग ही तिबेटी वसाहत लागते. हिवाळ्यात तिथली बरीच मंडळी स्वेटर विकायला शहरांत गेलेली असतात, म्हणून तेथे जेवण मिळेलच असे गृहीत धरू नये. वाट विचारताना ‘अर्जुनी’ एवढेच विचारू नये. महामार्गालगतची सडक अर्जुनी वेगळी आणि रेल्वे स्थानक असलेली अर्जुनी मोरगाव वेगळी, आणि या घोळात वीस-पंचवीस किलोमीटर सहज वाया जातात. ‘हा रस्ता कुठे जातो’ यापेक्षा ‘भाऊ, या पाटावरून सायकल निघते का’ असे विचारावे, कारण रस्ता तर नकाशावरही असतो.

दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरपेक्षा जास्त अंतर ठरवू नये. गोंदिया मुंबईच्या बरेच पूर्वेला असल्यामुळे येथे सूर्य सुमारे अर्धा तास आधी मावळतो. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास दिवस संपतो आणि पश्चिम महाराष्ट्रातून आलेल्यांचा अंदाज हटकून चुकतो. पाचपर्यंत मुक्कामी असावे. जंगलालगतच्या रस्त्यावर अंधारात सायकल चालवू नये आणि रानात तंबू ठोकू नये. मार्चमध्ये गेलात तर मोहफुले वेचण्याच्या काळात पहाटे अस्वले मोहाखाली येतात, त्या वेळी रानवाट टाळावी.

सायकल गिअरची असावी, पण महागडी असण्याची गरज नाही. टायर मात्र ३५ मिलिमीटर किंवा त्याहून रुंद हवेत. खरी डोकेदुखी बाभळीच्या काट्यांची आहे. पंक्चर झाल्यावर ट्यूब बदलून लगेच हवा भरण्याची घाई करू नये. टायरच्या आतून चिंधी हळूहळू फिरवावी. जिथे धागा अडकेल तिथे मोडलेल्या काट्याचे टोक असते आणि ते चिमट्याने काढल्याशिवाय नवी ट्यूबही दोन किलोमीटरच्या आत बसते. गावातल्या दुकानात साध्या सायकलच्या २६ आणि २८ इंची ट्यूब मिळतात, बारीक व्हॉल्व्हच्या मिळत नाहीत. तुमच्या रिमचे छिद्र मोटारसायकलसारख्या जाड व्हॉल्व्हचे असेल तर अडीअडचणीला गावची २८ इंची ट्यूब चालवून नेता येते. तरीही स्वतःच्या दोन ट्यूब, ठिगळे, पंप आणि साखळीचा जोड सोबत असावाच.

सकाळी आलुबोंडा, भजी किंवा पोहे कोणत्याही चौकात मिळतात. दुपारचे जेवण तालुक्याच्या गावी घ्यावे आणि रात्रीचे मुक्कामी आधी सांगून ठेवावे, कारण लहान गावांतली हॉटेले लवकर बंद होतात. ढीवर मंडळी पहाटे जाळी काढतात तेव्हा पाळीवर ताजी मासळी आणि हंगामात शिंगाडे मिळतात. घाटावर बायका कपडे धूत असतील तर कॅमेरा पिशवीतच ठेवावा.

परतताना पुन्हा गोंदियाला यायचे नसेल तर अर्जुनी मोरगावहून गडचिरोली जिल्ह्यातले वडसा गाठावे. वाटेत इटियाडोहच्या कालव्यांवर भिजणारी शेते लागतात आणि रस्ता सपाट आहे. वडशाहून गाडीने चांदा फोर्टकडे (चंद्रपूरचे एक स्थानक) किंवा उलट गोंदियाकडे जाता येते. या मार्गावर गाड्या मोजक्याच असल्याने परतीची वेळ निघण्यापूर्वीच लिहून ठेवावी आणि स्थानकावर तासभर आधी पोहोचावे.