स्पेक्ट्रावर स्टेबल मॉडेल स्ट्रक्चर कसं उभं करायचं
मॉडेल स्ट्रक्चर म्हणजे मॅपचे तीन वर्ग ठरवायचे: वीक इक्विव्हॅलन्स (होमोटॉपीच्या नजरेने दोन्ही बाजू सारख्याच मानायच्या असे मॅप), फायब्रेशन आणि कोफायब्रेशन. स्टेबल फायब्रेशनची व्याख्या पाठ करून सुरुवात करू नका, बरेच जण तिथेच अडकतात. बूसफील्ड आणि फ्रीडलँडर यांनी १९७८ मध्ये जो रस्ता दाखवला त्यात आधी लेव्हल आणि मग स्टेबल असं जायचं, आणि पहिल्यांदा शिकताना मला अजूनही तोच सगळ्यात बरा वाटतो.

तर सिक्वेन्शियल स्पेक्ट्रम घ्या, म्हणजे बेसपॉइंटवाल्या सिम्प्लिशियल सेटची (त्रिकोणांसारख्या तुकड्यांनी रचलेल्या जागांची) एक रांग, तिची प्रत्येक पायरी म्हणजे एक लेव्हल, आणि प्रत्येकाच्या सस्पेन्शनपासून पुढच्याकडे जाणारा स्ट्रक्चर मॅप. आधी लेव्हल स्ट्रक्चर लावा: वीक इक्विव्हॅलन्स आणि फायब्रेशन दोन्ही लेव्हलनुसार तपासायचे, कोफायब्रेशन लिफ्टिंगमधून (म्हणजे मॅपच्या चौकोनात कर्णाचा मॅप मिळतो का, या अटीतून) आपोआप ठरतात. कोफायब्रंट (म्हणजे बिंदूपासून येणारा मॅप कोफायब्रेशन असलेला) कोण, तर ज्याचे सगळे स्ट्रक्चर मॅप इंजेक्टिव्ह आहेत तो.

आता कोफायब्रेशनला अजिबात हात लावायचा नाही, फक्त वीक इक्विव्हॅलन्स वाढवायचे, स्टेबल होमोटॉपी ग्रुपवर (लेव्हल वाढवत नेऊन होमोटॉपी ग्रुपचा कोलिमिट घेतल्यावर मिळतो त्यावर) आयसोमॉर्फिझम देणारे सगळे मॅप आत घ्यायचे, मग फायब्रेशन कोणते ते लिफ्टिंगच सांगतं. हे खरंच मॉडेल स्ट्रक्चर होतं हे दाखवायला क्यू नावाचा फंक्टर लागतो: आधी प्रत्येक लेव्हल कान कॉम्प्लेक्स (म्हणजे फायब्रंट सिम्प्लिशियल सेट) करा, मग एन-व्या लेव्हलला एन-अधिक-के-व्या लेव्हलचा के वेळा लूप स्पेस घेऊन के वाढवत कोलिमिट घ्या. क्यू लेव्हल इक्विव्हॅलन्स जपतो आणि दोनदा लावला तरी नवीन काही होत नाही, हे पटकन होतं. खरं काम पुलबॅकच्या अटीत आहे, फायब्रेशनच्या बाजूने पुलबॅक केल्यावर स्टेबल इक्विव्हॅलन्स टिकला पाहिजे. पण लेव्हल फायब्रेशनची स्टेबल ग्रुपमधली लाँग एक्झॅक्ट सिक्वेन्स लिहा, पुलबॅकमध्ये फायबर तोच राहतो, फाइव्ह लेमा लावा, झालं. शेवटी फायब्रंट ऑब्जेक्ट (बिंदूकडे जाणारा मॅप फायब्रेशन असलेले) म्हणजे ओमेगा-स्पेक्ट्रा, म्हणजे ज्यांची प्रत्येक लेव्हल पुढच्या लेव्हलच्या लूप स्पेसशी वीकली इक्विव्हॅलंट असते, लेव्हलला कान असलेले, आणि हेच तर आपल्याला हवं होतं.

चांगला स्मॅश प्रॉडक्ट (स्पेक्ट्राचा गुणाकार) हवा म्हणून सिमेट्रिक स्पेक्ट्राकडे (जिथे एन-व्या लेव्हलवर एन वस्तूंच्या अदलाबदलींचा ग्रुपही काम करतो) वळाल (होवी, शिप्ली, स्मिथ, २०००) तेव्हा मात्र जपून, तिथे हीच व्याख्या उचलून चालत नाही. एक उदाहरण हाताने कराच. पहिल्या लेव्हलला वर्तुळ ठेवून तयार होणारा फ्री स्पेक्ट्रम घ्या, त्यातून स्फिअर स्पेक्ट्रमकडे मॅप जातो. सिक्वेन्शियलमध्ये शून्याव्या लेव्हलला नुसता बिंदू आणि पुढे सगळीकडे स्फिअरच, म्हणून काही अडचण नाही. सिमेट्रिकमध्ये एन-व्या लेव्हलला एन-मितीच्या स्फिअरच्या एन प्रतींचा वेज (बेसपॉइंटला चिकटवलेल्या प्रती) येतो, त्यामुळे शून्यावा स्टेबल ग्रुप पूर्णांकांच्या अनंत प्रतींची बेरीज निघतो, आणि स्फिअर स्पेक्ट्रमच्या ग्रुपमध्ये तर एकच प्रत आहे! तरीही या मॅपला इक्विव्हॅलन्स मानावंच लागतं, नाहीतर ओमेगा-स्पेक्ट्रा फायब्रंट म्हणून मिळत नाहीत. म्हणून तिथे ओमेगा-स्पेक्ट्रामध्ये जाणारे मॅप बघून स्टेबल इक्विव्हॅलन्स ठरवतात, किंवा होवीने २००१ मध्ये जनरल मॉडेल कॅटेगरीसाठी केलं तसं लेव्हल स्ट्रक्चरचं याच प्रकारच्या मॅपवर लेफ्ट बूसफील्ड लोकलायझेशन करतात, म्हणजे कोफायब्रेशन तेच ठेवून हे मॅप वीक इक्विव्हॅलन्स बनवतात.

ऑर्थोगोनल स्पेक्ट्रात (जिथे अदलाबदलींच्या ग्रुपच्या जागी ऑर्थोगोनल ग्रुप असतो) ही अडचण येत नाही, कारण एन प्रतींच्या जागी एन-वजा-एक मितीचा स्फिअर येतो आणि एन वाढेल तशी त्याची कनेक्टिव्हिटी वाढते, म्हणून होमोटॉपी ग्रुपवाली व्याख्या परत चालते. स्मॅश प्रॉडक्टची घाई असेल तर सिक्वेन्शियल झाल्यावर सरळ ऑर्थोगोनलकडे जा, सिमेट्रिक नंतर वाचा.