कानातलं अडकलंय? घरगुती साधन बनवताना या चुका टाळा

कानातलं निघेना झालं की हात आपोआप पकडीकडे जातो. इथेच घोटाळा होतो. अडकलेल्या कानातल्याला जोर फारसा कमी पडत नसतो. जोर चुकीच्या जागी लागत असतो, म्हणजे कानाच्या पाळीवर. म्हणून घरी साधन करायचं ते जास्त जोरात ओढण्यासाठी नव्हे. पुढचा भाग एका हातात, मागची फिरकी दुसऱ्या हातात आणि मधल्या पाळीला काहीच कळू नये, एवढंच त्या साधनाचं काम.

प्रकार न ओळखता सुरुवात करणं

सगळ्यात जास्त वेळ यात जातो. मागची फिरकी आट्यांची असेल तर ती फिरवायची असते. फुलपाखरासारखी दाबून बसवलेली असेल तर सरळ मागे ओढायची. कान टोचताना बंदुकीने घातलेल्या स्टडच्या दांडीला टोकाजवळ खाच असते आणि फिरकी त्या खाचेत बसते, त्यामुळे सुरुवातीला ती हटूनच बसल्यासारखी वाटते. मागे सपाट चकती असलेल्या स्टडचं सगळं उलटं: चकती दांडीचाच भाग असते आणि सुटतो तो पुढचा मणी. काहींमध्ये तो आट्यांचा असतो, काहींमध्ये नुसता खुपसलेला. अशी चकती तासभर फिरवली तरी काही होणार नाही.

आरशात बघून अंदाज करू नका. मागची बाजू आरशात दिसत नाही, आणि जे दिसतं त्यात डावं-उजवं गोंधळतं. मोबाइलवर कानामागचा जवळून फोटो काढा आणि मोठा करून बघा. दुसऱ्या कानातलं निघत असेल तर आधी ते काढा, कोणत्या दिशेने सुटलं ते लक्षात ठेवा. साधारणपणे मागून बघताना घड्याळाच्या उलट दिशेने फिरकी सैल होते.

फिरकी फिरवत राहणं, पण पुढचं न धरणं

बहिणीच्या मुलीची फिरकी मी एकदा चांगली दहा मिनिटं फिरवत होतो. ‘येतंय, येतंय’ म्हणत होतो. मग पुढे बघितलं तर वरचं फूलही फिरकीबरोबर गोल गोल फिरत होतं! आटे एका रेघेनेही सुटले नव्हते, आणि पोरीचं भोक मात्र आतून लाल झालं होतं.

यावरचं साधन म्हणजे खोडरबर. त्याच्या कडेला ब्लेडने तीन-चार मिलिमीटर खोल चीर पाडा आणि कानातल्याची कड त्या चिरेत घट्ट बसवा. चीर कानापासून लांब, टेबलावर पाडायची, हे सांगायला नको. खड्यांचं कानातलं असेल तर खडे धरणारे बारीक पंजे चिरेत येऊ देऊ नका, ते वाकतात आणि खडा सुटतो. मागे कपडे वाळत घालायचा चिमटा वापरा. त्याच्या दोन्ही ओठांवर रबरी हातमोज्याची पट्टी किंवा रबर बँड गुंडाळा, त्यात फिरकी पकडा आणि हळू फिरवा. चिमट्याची ताकद मर्यादित असते, हाच त्याचा गुण. पक्कड पातळ फिरकी चेपून टाकते आणि चेपलेले आटे मग कायमचे अडकतात. २२ कॅरेट सोनं तर मऊच असतं, तिथे पकडीला हातही लावू नका.

तेल लावून लगेच पकडायला जाणं

तेलाचा उपयोग आहे, पण बोटांना नाही. अंगाचं तेल, मेलेली त्वचा, साबण, केसांना लावलेलं काहीबाही, हे सगळं आट्यांत सुकून घट्ट होतं. आधी कोमट पाण्यात भिजवलेला कापूस पाच-दहा मिनिटं मागेपुढे धरा आणि सुटलेली पापडी पुसून घ्या. मग काडीच्या टोकाने तेलाचा एक थेंब फिरकी आणि दांडी मिळतात तिथे सोडा आणि दहा मिनिटं थांबा. त्यानंतर कानातलं आणि बोटं दोन्ही कोरडी पुसा. ही शेवटची पायरी लोक विसरतात आणि ‘तेलाने काही झालं नाही’ म्हणतात. टोचलेला कान अजून भरत असेल तर तेल नको, नुसतं मिठाचं कोमट पाणी पुरे. बिजागऱ्यांवर मारायचे फवारे तर कानाजवळही नकोत.

पाळी सुजली असेल तर शेक देऊ नका, गरमीने सूज वाढते. बर्फ कापडात गुंडाळून पाच-सात मिनिटं धरा.

कार्डची तरफ करणं

दाबून बसवलेल्या फिरकीसाठी सगळ्यात सोपं साधन म्हणजे जुनं प्लॅस्टिक कार्ड. अशा कार्डची जाडी पाऊण मिलिमीटरच्या आसपास असते. त्याचा अंगठ्याएवढा तुकडा कापा आणि एका बाजूने मधोमध सेंटीमीटरभर लांब खाच पाडा. खाच दांडीपेक्षा किंचित रुंद आणि फिरकीपेक्षा अरुंद हवी. नेहमीच्या दांड्या ०.८ ते १ मिलिमीटर जाड असतात, त्यामुळे सव्वा मिलिमीटरची खाच बहुतेकदा चालते. आधी दुसऱ्या एखाद्या कानातल्यावर घालून बघा. कडा नखांच्या कानसेने घासा, कारण ताजं कापलेलं प्लॅस्टिक चांगलंच बोचतं.

खाच दांडीवर सरकवा, म्हणजे तुकडा पाळी आणि फिरकी यांच्या मधे बसेल. आता चूक होते ती अशी की माणूस कार्ड पाळीवर टेकवून फिरकी उचकटायला जातो. तरफेला टेकू लागतो आणि तो टेकू कान होतो. तसं नाही. पुढचं कानातलं एका हाताने घट्ट धरा, दुसऱ्या हाताने कार्डची दोन्ही टोकं धरून फिरकी दांडीच्या रेषेत सरळ मागे आणा. खाचेच्या दांडीवर पहिला टप्पा जड जातो, मग ‘टक्’ होऊन सुटते. झटका मात्र देऊ नका. जोर हळूहळू वाढवा.

कार्ड जाण्याइतकी जागा नसेल तर दात साफ करायचा दोरा घ्या. फिरकीच्या खालून दांडीभोवती घाला आणि दोन्ही टोकं एकत्र मागे ओढा, पुढचा भाग धरूनच. माझ्या मते घरच्या साधनांचा शेवट इथेच. दोरासुद्धा शिरत नसेल तर ती फिरकी अडकलेली नाही, पाळी सुजून तिच्यावर चढली आहे. मग घरी काही करायचं नाही.

कापून टाकू म्हणणं

दांडी कापली की टोकाला धारदार खरखर राहते आणि ती भोकातून ओढताना आतली त्वचा फाडते. शिवाय कापताना पक्कड दांडीला पिळते, ती पीळही कानालाच बसते. पुढच्या भागाला गोंदाने काडी चिकटवायची युक्तीही सोडून द्या. गोंद पसरला की कानातलं कानालाच चिकटतं.

थांबायचं कुठे, हे न ठरवणं

पू, पसरणारी लाली, ताप किंवा कानातल्याचा काही भाग त्वचेखाली गेलेला दिसत असेल तर सरळ डॉक्टरांकडे जा. भागाला बधिर करून ते सुखाने काढता येतं. पू असताना घरी काढून टाकलं तर भोक मिटून पू आतच कोंडण्याची भीती असते. कानाच्या वरच्या कडक भागातलं, म्हणजे कूर्चेतलं कानातलं असेल तर आणखी लवकर जा. तिथला संसर्ग चिघळला तर कानाचा आकार बिघडू शकतो. बाकी वेळी पंधरा मिनिटांत निघालं नाही तर त्या दिवशी सोडा. खटपटीने सूज येते आणि सुजेने ते आणखी घट्ट होतं. एमआरआयसाठी काढायचं असेल तर आदल्या रात्रीवर ठेवू नका.

निघालं की खाली अंथरलेल्या टॉवेलवर दोन्ही तुकडे आहेत ना ते बघा. बेसिनवर उभं राहून हा उद्योग करणाऱ्यांची फिरकी नळीत जाते, म्हणून टॉवेल. दांडी टेबलावर लोळवून बघा, वाकडी असेल तर ती डुगडुगत फिरते. जुन्या टूथब्रशने आटे साबणपाण्यात घासून कोरडे करा. फिरकी दोन-तीन वेळा नुसत्या बोटांनी चढवून-उतरवून बघा, अडखळली तर आटे गेलेत, ती फिरकी बदला. कान दोन-चार दिवस शांत झाला की पुन्हा घाला, आणि फिरकी शेवटपर्यंत आवळू नका. तिच्यात आणि पाळीत मिलिमीटर-दोन मिलिमीटर जागा मोकळी राहू द्या.