उभ्या गाडीचे महिन्याला आठ हजार

बहिणीच्या मुलाचा गेल्या आठवड्यात फोन आला. "मामा, गाडी घेतोय. हप्ता पगारात बसतोय." मी म्हटलं, हप्ता बसेल रे, गाडी बसते का ते बघ. त्याला कळलं नाही, म्हणून माझी निळी वही त्याच्यासाठी पुन्हा उघडली.

आयुष्य लोकांची बिलं तपासण्यात गेलं, त्यामुळे २०१८ च्या दसऱ्याला गाडी घेतली त्या दिवसापासून मी तिच्या नावाने खातं उघडलं. साधी पेट्रोल हॅचबॅक. सात वर्षं वापरून २०२५ च्या दसऱ्याच्या आसपास विकली. ६३,००० किलोमीटर झाले. तुम्ही घेणार असाल तर ह्याच क्रमाने मांडणी करा, फक्त आकडे तुमचे घाला.

पहिल्या पानावर दारात येईपर्यंतची किंमत. शोरूमच्या बोर्डावर ६,२०,००० होते. महाराष्ट्रात दहा लाखांच्या आतल्या पेट्रोल गाडीला एकरकमी कर ११ टक्के, म्हणजे ६८,२००. विमा २९,८००, कारण नेमक्या त्याच वर्षी सप्टेंबरपासून नव्या गाडीला थर्ड पार्टी, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या होणाऱ्या नुकसानीचा, विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागू लागला. नोंदणी, फास्टॅग, सीट कव्हरं वगैरे १४,०००. एकूण ७,३२,०००. बिलात 'हँडलिंग' नावाचीही एक ओळ होती. कसलं हँडलिंग, असं दोनदा विचारल्यावर ती गळून पडली. तुम्हीही विचारा.

त्यातले पाच लाख कर्जाचे, ९ टक्क्यांनी, पाच वर्षांसाठी. हप्ता १०,३७९. त्याला साठने गुणा आणि पाच लाख वजा करा: १,२२,७४० नुसतं व्याज. उरलेले २,३२,००० मुदत ठेव मोडून भरले होते. त्यावरचं बुडालेलं व्याज मी धरलेलं नाही, कारण ते लिहायला बसलो की सौ. वही काढून घ्यायची.

आता घसारा, म्हणजे वर्षागणिक गाडीची घटत जाणारी किंमत. हा शब्द आमच्या खात्यात रोजचा, पण गाडी घेणाऱ्याच्या तोंडी मी कधी ऐकला नाही. ह्याची पावती मिळत नाही, खिशातून काही जाताना दिसत नाही, म्हणून तो कुणी मोजत नाही. गाडी ३,१०,००० ला गेली. ७,३२,००० मधून वजा केले तर ४,२२,००० राहतात. सात वर्षांत पेट्रोलला ३,८६,००० गेले. म्हणजे ज्या पेट्रोलच्या नावाने आपण रोज बोटं मोडतो, त्यापेक्षा घसारा जास्त! घेण्याआधी अंदाज हवा असेल तर विम्यातली आयडीव्ही बघा, म्हणजे विमा कंपनी गाडीची जी किंमत धरते ती. एक वर्षाची गाडी १५ टक्क्यांनी उतरवतात, दोन वर्षांची २०, तीनची ३०, चारची ४०, पाचची ५०. तेही बोर्डावरच्या किमतीवर. भरलेला कर ह्या मोजणीत येतच नाही, तो पहिल्या दिवशीच गेला.

पेट्रोलसाठी कंपनीचं मायलेज धरू नका. टाकी तोंडापर्यंत भरा, किलोमीटर लिहा, पुन्हा तोंडापर्यंत भरा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर. असं चार-पाच वेळा केलं की खरा आकडा येतो. माझा १६ आला.

दुरुस्तीच्या पानावर सर्व्हिसिंग ४२,०००, पंचेचाळीस हजार किलोमीटरला चार टायर १८,०००, दोन बॅटऱ्या १०,०००, क्लच प्लेट १३,५००, बाकी एसी, ब्रेक, सस्पेन्शन मिळून २४,५००. बेरीज १,०८,०००. नंतरच्या वर्षांचा विमा ५४,०००. सोसायटीत जागा नव्हती, म्हणून शेजारच्या बोळात महिना ८०० ने भाड्याची, सात वर्षांचे ६७,२००. टोल ४१,०००. गाडी धुणारा, पीयूसी आणि वेगाचं एक चलन मिळून २६,०००.

सगळं मिळून १२,२७,०००. किलोमीटरला साडेएकोणीस रुपये.

इथे थांबून मीही एक चूक केली होती. हा आकडा कळल्यावर प्रत्येक फेरीला साडेएकोणीसने गुणून घरी बोलून दाखवायचो. तसं करू नये. वहीत दोन रकाने पाडा: गाडी हलली की होणारा खर्च आणि नुसती उभी असली तरी होणारा. पेट्रोल, दुरुस्ती, टोल पहिल्यात. ते किलोमीटरला साडेआठ पडतात. घसारा, व्याज, विमा, जागा आणि ते किरकोळ दुसऱ्यात. ते महिन्याला ८,२०० च्या वर.

दुसरा रकाना मला एप्रिल २०२० मध्ये समजला. लॉकडाऊनमध्ये त्या पानावर किलोमीटर शून्य, पेट्रोल शून्य. हप्ता मात्र गेला, जागेचं भाडं गेलं, विम्याचे दिवस सरत राहिले. मेच्या अखेरीस किल्ली फिरवली तर नुसती टकटक. पहिली बॅटरी तेव्हाच गेली, जागच्या जागी.

घ्यायची की नाही हे ठरवताना दोन्ही रकाने धरा. घेतल्यावर आजची फेरी गाडीने की एसटीने, हे ठरवताना फक्त पहिला. साताऱ्याहून पुण्याचं स्वारगेट साधारण ११० किलोमीटर, म्हणजे जातानाच ९३५ रुपये. २०२३ पासून महिलांना एसटीत अर्धं तिकीट, त्यामुळे आम्हा दोघांचं दीड तिकीट होतं. सामान नसेल तर आम्ही एसटीनेच जायचो. दवाखाना, रात्रीचं लग्न, आईला घेऊन जेजुरी, तिथे गाडी. त्या फेऱ्यांचा हिशेब मी कधी बोलून दाखवला नाही.

विकताना दोन गोष्टी. मालकी बदलाच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या करून भागत नाही, आरसीवरचं नाव बदलल्याचं स्वतः बघा, नाहीतर दुसऱ्याची चलनं तुमच्या मोबाइलवर येतील. आणि विम्याचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. सलग पाच वर्षं दावा नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत जातो. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या, पुढच्या गाडीला चालतं.

माझी गाडी ज्याने घेतली त्याला वही फार आवडली. गाडीबरोबर द्या म्हणाला. त्याला झेरॉक्स दिली.