सायलेन्सरमधलं ऑइल काढताय? आधी या चुका टाळा

ज्यांच्या घरी चेतक किंवा लुना होती, त्या पुणेकरांना सायलेन्सरची सफाई नवीन नाही. टू-स्ट्रोक गाडी, पेट्रोलमध्येच ऑइल मिसळलेलं, त्यामुळे सायलेन्सरमध्ये कार्बन धरणारच. गाडी ओढेनाशी झाली की मेस्त्री सायलेन्सर उतरवायचा, आत जाळ घालून काजळी झाडायचा आणि गाडी परत पळायची. वडिलांच्या चेतकसाठी मी स्वतः हे करून घेतलंय. कारला मात्र हा हिशोब लागू होत नाही. कार फोर-स्ट्रोक. तिचं ऑइल पेट्रोलपासून वेगळं, खाली चेंबरमध्ये असतं. ते सायलेन्सरपर्यंत आलं, तर वाटेत कुठेतरी सील किंवा पिस्टनची रिंग गेलेली असते. अशा वेळी नुसता सायलेन्सर धुणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

पण ते ऑइलच आहे का?

गेल्या पावसाळ्यात आमच्या सोसायटीतले एक काका रॉकेलचा डबा घेऊन पार्किंगमध्ये उभे दिसले. सायलेन्सरमधून काळे थेंब पडत होते आणि एका गॅरेजवाल्याने सांगितलं होतं, "अर्धा लिटर रॉकेल ओता आणि रेस करा, सगळं बाहेर येतं." मी म्हटलं, काका, दोन मिनिटं थांबा. पांढरा टिश्यू पेपर थेंबाखाली धरला. मध्ये काळे कण, भोवती ओलसर कडा. कागद बॉनेटवर ठेवला. थोड्या वेळाने कडा वाळून गेली, उरली ती कोरडी काजळी, बोटाने झटकली तर उडून जाणारी. ऑइल असतं तर डाग वाळला नसता; वडा ठेवलेल्या कागदासारखा तो पारदर्शक, तेलकट राहिला असता.

काकांची गाडी रोज मंडईपर्यंत जाऊन येते, एवढंच. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात ते वाफ होऊन निघून जातं. जवळच्या फेऱ्यांत सायलेन्सर तापतच नाही, मग वाफेचं आतच पाणी होतं आणि काजळी घेऊन ठिबकतं. काही सायलेन्सरना त्यासाठी तळाशी बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. ते गळतंय समजून एम-सील लावू नका, आतून गंज धरेल. काकांना म्हटलं, रविवारी खंबाटकी घाटापर्यंत एक लांब चक्कर मारून या, सायलेन्सर तापून वाळेल.

खरंच तेलकट डाग पडला, तर धुराकडे बघा. ऑइलचा धूर निळसर असतो. सकाळी पहिल्या स्टार्टला भपकारा येऊन थांबत असेल, तर बहुतेक वॉल्व्ह सील. माझ्या गाडीचं निदान कात्रजच्या घाटात झालं. गिअरमध्ये उतरत होतो, पाय अ‍ॅक्सिलरेटरवरून काढलेला, खाली येऊन पुन्हा पाय दिला आणि मागच्या गाडीतल्या भावाचा लगेच फोन, "दादा, निळा लोट आला." उतारावर इंजिनात ओढ वाढते आणि झिजलेल्या सीलमधून ऑइल आत खेचलं जातं. चढावर, दाब दिल्यावर सतत धूर येत असेल तर रिंगांवर संशय घ्या, टर्बो असेल तर टर्बोवरही. मेस्त्रीला कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, बघायला सांगा. सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकल्यावर कॉम्प्रेशन वाढलं तर रिंगा, नाही वाढलं तर बहुधा वॉल्व्ह. आणि मोठं काम काढण्याआधी दोन स्वस्त गोष्टी तपासा: डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या सळईवर) ऑइल मॅक्सच्या खुणेवर गेलंय का, आणि पीसीव्ही वॉल्व्ह (इंजिनातली वाफ परत आत खेचणारी झडप) तुंबलाय का.

रॉकेल, पेट्रोल, अ‍ॅसिड, कॉस्टिक

यातलं काहीही ओतू नका, कळकळीने सांगतो. सायलेन्सरच्या आत भोकांच्या नळ्या आणि कप्पे असतात, काहींत तंतूंचं पॅकिंग असतं. ओतलेलं रॉकेल तिथे मुरतं, पूर्ण बाहेर येत नाही. साधारण 40 अंशांच्या आसपास त्याची वाफ पेट घेऊ शकते आणि सायलेन्सर त्याहून कितीतरी जास्त तापतो. गॅसकटरने बाहेरून भाजणं हाही तसाच जीवघेणा खेळ. बऱ्याच सायलेन्सरच्या पत्र्यावर अ‍ॅल्युमिनियमचा थर असतो. कॉस्टिक तो खातं, वर हायड्रोजन सोडतं. अ‍ॅसिडनेही थर जातो आणि पुढच्या पावसाळ्यात पत्र्याला भोकं पडतात.

पुढचा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, तर हात न लावण्याची जागा. त्यात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा पातळ लेप असतो. ऑइलमधल्या फॉस्फरस आणि जस्ताने तो निकामी होतो. म्हणूनच ऑइल जळणं लांबणीवर टाकायचं नसतं. एप्रिल 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाडीत डीपीएफही (काजळी अडवणारा फिल्टर) असतो. तोही पाइपने धुऊ नका.

मग धुवायचं कसं?

मूळ दुरुस्ती झाल्यावरच, आणि फक्त मागचा मफलर, म्हणजे सायलेन्सरचा डबा. गाडी काही तास थंड होऊ द्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरू नका, भक्कम स्टँड लावा. गंजलेल्या बोल्टना आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, पण हँगरच्या रबरावर उडू देऊ नका, रबर फुगतं. मफलर उतरवून एक तोंड बंद करा, गरम पाणी आणि पाण्यात मिसळणारं डीग्रीझर (तेलकटपणा काढणारं द्रावण) भरा, तासभर मुरू द्या, हलवत राहा, ओता. पाणी स्वच्छ येईपर्यंत हेच. मग दोन दिवस कडक उन्हात, तोंड खाली करून. बसवताना गॅस्केट नवीन घाला. नाना पेठेत मिळून जाईल. पॅकिंग ऑइलने पूर्ण भिजलं असेल तर धुण्यात वेळ घालवू नका, मफलर बदला.

काढलेलं पाणी गटारात ओतू नका. आपल्या भागातला ओढा शेवटी मुठेलाच मिळतो. ते कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्या गॅरेजला द्या.

पहिल्यांदा इंजिन चालू कराल ते उघड्यावर. बेसमेंट पार्किंगमध्ये अजिबात नको. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपल्यासारखा जातो. थोडा वेळ धूर येईल. माझ्या गाडीने सील बदलल्यावरही काही दिवस धूर सोडला आणि मी घाबरून मेस्त्रीशी भांडायला गेलो. खरं तर आधीचं मुरलेलं ऑइल जळत होतं. हायवेवर दोन-तीन फेऱ्या झाल्यावर धूर थांबला. तेव्हा आज डिपस्टिकची पातळी आणि किलोमीटर लिहून ठेवा, हजार किलोमीटर झाल्यावर पुन्हा बघा. पातळी तीच राहिली, तर काम नीट झालंय.